चौथी सूचना

१४ जुलै, रविवार

आली. एक वाजता ये म्हटलं होतं. एकला सहा मिनिटं कमी असताना फाटकाशी उभी होती, आणि बेल वाजवली ती मात्र बरोबर एकला! ती सहा मिनिटं तिने बाहेर, इथल्या जुलैच्या ऐन हिवाळ्यात काढली. मी पडद्याआडून बघत होते. माझा नवरा, लेस असता तर म्हणाला असता, ही टिकणार.

लिआना मुसुमेची. तेवीस वर्षांची. पार उत्तरेकडच्या गरम मुलखातली, इंगमची. वडिलांचा ऊस आहे. इथली थंडी तिला ठाऊकच नाही, कान लालबुंद झाले होते. हवाई दलाच्या तळावर नवी तुकडी आली की आमची फिलिस चर्चमध्ये यादी लावते — रविवारी कुणाच्या घरी कोण जेवायला. मला म्हणाली, तुला पायलट होणारी दिलीय, तुझ्या घराला त्यांची सवय आहे. मग जराशाने, ‘‘पाहुणी असली म्हणजे तूही टोस्टवर दिवस काढणार नाहीस.’’ फिलिसचं असंच. एका हाताने केक देते, दुसऱ्याने चिमटा काढते.

ओव्हनमध्ये मेंढीची तंगडी लावली होती. बरोबर भोपळा, बटाटे, पुदिन्याचा सॉस. तिने तीनदा घेतलं. पहिला अर्धा तास नुसतं ‘हो मॅम, नाही मॅम’. मी म्हटलं, मॅम तिकडे तळावर, इथे बर्नी म्हण. ते तिच्या जिभेवर येईना. शेवटी ‘मिसेस सी’वर तडजोड झाली. कार्मडीतला सी.

मग मोकळी झाली. काकाच्या छोट्या विमानातून चाळीस तास उडालीय, उसाच्या शेतांवरून. आणि आता सतरा आठवडे विमानाला हात नाही! आधी अधिकारी व्हायचं, पायलट मग. म्हणाली, ‘‘चादरीच्या कोपऱ्याची घडी पंचेचाळीस अंशांत घालायला शिकवतायत, मिसेस सी. ढगात काय चादर घालायचीय मला?’’

सगळे हेच विचारतात. चाळीसेक वर्षं ऐकतेय.

चहा ओतताना बशीत सांडला. डावीकडचा कप. ती पटकन उठून फडकं घेऊन आली. तिच्या काही लक्षात आलं नसावं.

१५ जुलै, सोमवार

वही काढली. निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेले. पहिल्या सात सूचना लेसच्या हातच्या, त्याच्या त्या उभ्या, घाईच्या अक्षरात. पुढच्या माझ्या. पायलट होण्याआधी अधिकारी कसं व्हावं, यावरचं आमच्या घरचं शहाणपण. कुणी टेबलाशी येऊन बसलं की लेस वाचून दाखवायचा. तो गेल्यापासून मी वाचते.

माझं शहाणपण कुठलं? मी कुठे अधिकारी होते! लग्नाआधी दोन वर्षं पॉइंट कुकच्या तळावर टायपिस्ट होते, एवढंच. कॉन्व्हेंटमधून थेट गणवेशात. प्रशिक्षणार्थींचे अहवाल माझ्या यंत्रातून जायचे. कोण कुठल्या वाक्याने बुडतो ते मला पाठ झालं होतं. धावण्यात मागे पडले म्हणून गेलेले थोडे. ‘हुशार, परंतु स्वतःपुरता’ — हे वाक्य टाइप केलं की समजायचं, याची बॅग आता निघाली.

मी उडू शकले असते का, असं कधी मनात यायचं. तेव्हा बायकांना घेतच नव्हते. लग्न झालं आणि टायपिंगही सुटलं, तसा नियमच होता. नुसती वर बघत राहिले, लेस जायचा तिकडे.

१८ जुलै, गुरुवार

उर्सुलाचा फोन, पर्थहून. नेहमीसारखा दर गुरुवारी. आई, आवाज दमलेला वाटतोय. म्हटलं, सर्दी. आई, त्या वृद्धांच्या वसाहतीतल्या घरांची माहिती पाठवली होती, वाचलीस का? म्हटलं, वाचतेय.

नाही वाचली. आणि डोळ्याचंही सांगितलं नाही. मार्चपासून डाव्या बाजूला धुकं आहे. आधी वाटलं, चष्मा पुसायला हवा. आता डावीकडचं माणूस एकदम समोर उगवतं, भिंतीतून आल्यासारखं. गेल्या महिन्यात गाडी फाटकाच्या खांबाला घासली. खांब डावीकडचा. रंग आणून मीच लावला.

सांगितलं की डॉक्टर. डॉक्टर म्हणजे गाडी गेली. गाडी गेली की हे घर — गावापासून चार मैल. आणि मग पर्थ. तिथल्या एका खोलीत मी, आणि खिडकीबाहेर दुसऱ्या कुणाची तरी खिडकी.

बघू. उजवा अगदी छान आहे.

२१ जुलै, रविवार

लिआना आली नाही. पहिल्या पंधरा दिवसांत एकाच रविवारी सोडतात. विसरलेच होते. दोघींचं शिजवलं.

२८ जुलै, रविवार

आज वही वाचली. ती हसून हसून पडली. बूट आधी भिजवून घरात घाल, म्हणजे पायाच्या आकाराचे होतात. शर्टाची इस्त्री आतून सुरू कर. पहिली येऊ नकोस, शेवटची येऊ नकोस, नाव कळायच्या आत दोन आठवडे जाऊ देत. स्वयंपाकघरातल्या माणसांची नावं आधी पाठ कर, वरिष्ठांची आपोआप होतात.

चौथी वाचल्यावर तर तिने टाळीच वाजवली. लेसची चौथी सगळ्यांना आवडते. ‘डॉक्टरकडे जाऊ नकोस. हाड बाहेर दिसत असेल तर जा, पण आधी परेड संपव.’

म्हणाली, काकाही हेच म्हणतो. पायलट डॉक्टरच्या दारात गेला की बरं होऊन परत येत नाही, फार तर होतं तेवढंच घेऊन परत येतो.

तिने सगळ्या सूचना उतरवून घेतल्या. जुन्या पद्धतीने, कागदावर, माझ्या टेबलाशी बसून. जीभ जराशी बाहेर काढून लिहिते. उर्सुला अशीच लिहायची.

४ ऑगस्ट, रविवार

रडकुंडीला आली होती, पण रडली नाही. नेतृत्वाची पहिली चाचणी झाली. दोन पिंपं, तीन फळ्या, एक दोर. जमिनीला न टेकता आठ जणांना पलीकडे न्यायचं. तिला उत्तर दिसलं होतं. लगेच दिसलं. म्हणून सगळं स्वतःच करायला गेली. फळी तिनेच उचलली, दोर तिनेच बांधला, आणि मागे सात जण हात बांधून उभे. वेळ संपली.

म्हणाली, ‘‘विमानात मी एकटीच असणार ना? मग हे सात जण कशाला?’’

मी तिला ते वाक्य सांगितलं. हुशार, परंतु स्वतःपुरती. किती वेळा टाइप केलं तेही सांगितलं. विमानात तू एकटी असशील गं, पण ते विमान रात्रभर जागून कुणी तयार केलेलं असतं, आणि खालून कुणी तुला वारा सांगत असतं. चादर घालायला शिकवत नाहीत, दुसऱ्यावर विसंबायला शिकवतात — आणि दुसऱ्याने तुझ्यावर. पुढच्या वेळी जो गप्प उभा असेल त्याला आधी विचार.

लिंबाच्या वड्या घेऊन गेली, सात जणांसाठी.

११ ऑगस्ट, रविवार

जमलं! ऑजर्स नावाचा एक गप्प मुलगा आहे, त्याला विचारलं. तो जहाजावर काम केलेला निघाला. दोराची गाठ त्याने घातली. वेळेआधी चार मिनिटं.

आज आल्या आल्या पाणी ठेवलं तिने, न विचारता. कप कुठे असतात ते ठाऊक झालंय.

१७ ऑगस्ट

वारा. छपराचा पत्रा वाजतोय. दिवसभर कुणाशी बोलले नाही. संध्याकाळी रेडिओवरच्या बाईला ‘हो का’ म्हणाले.

२५ ऑगस्ट, रविवार

सहावा आठवडा म्हणजे एकमेकांना गुण देण्याचा. प्रत्येकाने बाकी सगळ्यांना क्रम लावायचा — कुणाबरोबर काम करशील, कुणाबरोबर नको. हे सगळ्यांना डोंगर चढण्यापेक्षा जड जातं. लिआना तिसरी आली, अठ्ठावीस जणांत. ऑजर्सने तिला पहिली लावलं होतं.

जेवताना तिने लेसच्या फोटोकडे बघून विचारलं, ते कसे होते विमान शिकवायला? म्हटलं, मऊ. हाताने दाखवायचा, तोंडाने कमी. ती म्हणाली, ‘‘तुम्ही त्यांच्याबद्दल बोलताना नेहमी उजवीकडे बघता, मिसेस सी.’’

फोटो उजवीकडे आहे, म्हटलं.

जाताना पायरी उतरली ती कठडा धरून. थकली असेल.

१ सप्टेंबर, रविवार

मैदानी सरावाला गेलेत, पाच दिवस. पाठीवर वीस किलो. वॉटलची झाडं फुलली, सगळं कुंपण पिवळं. बघायला मी आणि एक मॅगपाय पक्षी. तोही नुसता टोचायला येतो.

८ सप्टेंबर, रविवार

लंगडतेय. माझा एक डोळा गेला असेल, दुसरा आहे.

फाटकापासून दारापर्यंत सरळ चालत आली, अगदी परेडसारखी. पण मी खिडकीतून बघितलं होतं — फाटकाबाहेर मात्र एका पायावर उभी होती, दुसरा उचललेला, पाणकोंबडीसारखा.

जेवण झाल्यावर म्हटलं, बूट काढ. नको म्हणाली. म्हटलं, लिआना, मी एक मुलगी वाढवलीय. काढला. नडगीवर सूज. बोट लावलं तर तोंड फिरवलं तिने. तीन आठवडे झाले म्हणे. आधी फक्त धावल्यावर दुखायचं. आता झोपेतही.

डॉक्टर? तर म्हणाली, मिसेस सी, डॉक्टरकडे गेलं की धावण्यातून सुटीची चिठ्ठी मिळते. चिठ्ठीवाले परेडच्या शेवटी चालतात, बुटांऐवजी कॅनव्हासच्या जोड्यात. सगळे बघतात. दहा दिवस चिठ्ठीवर राहिलं की तुकडीतून काढतात आणि पुढच्या तुकडीत टाकतात. त्यातही हाडाचं निघालं तर उड्डाणाच्या यादीत राहायला पुन्हा वैद्यकीय मंडळापुढे जायचं. ‘‘आठ आठवडे राहिलेत. आठच. गोळ्या घेतेय.’’

आणि मग हसून म्हणाली, ‘‘हाड अजून बाहेर दिसत नाही. तुमची चौथी सूचना.’’

मी पण हसले. हसले मी! तिच्या डब्यात वड्या भरल्या आणि पायाला लावायला लेसचं जुनं मलम दिलं. ती गेल्यावर ताटं तशीच ठेवून बसून राहिले.

९ सप्टेंबर, सोमवार

कधी लिहिलं नव्हतं ते लिहिते.

लेसला डाव्या कानाने ऐकू येणं कमी झालं तेव्हा तो अडतीस वर्षांचा होता. पहिल्यांदा मला कळलं. त्यालाही माझ्यानंतर. त्याने सांगितलं नाही कुणाला. कान तपासायची वेळ आली की उजव्या कानाने भागवून न्यायचा, कसं ते त्यालाच ठाऊक. मेसमधल्या जेवणांना मी त्याच्या डावीकडे बसायचे. कुणी त्या बाजूने बोललं की टेबलाखालून पाय लावायचे आणि तेच हसत हसत मोठ्याने परत म्हणायचे. ‘ऐकलंस का लेस, विंग कमांडर म्हणतायत...’ सगळ्यांना वाटायचं, काय बडबडी बाई आहे. दोन वर्षं मी त्याचा डावा कान होते. मला ते आवडायचं, हेही लिहिते. इतकं जवळ आम्ही आधी कधी नव्हतो.

मग तो मंगळवार. पुढच्या सीटवर क्लाइव्ह ट्रँटर, शिकणारा. मागे लेस. उतरत होते. धावपट्टीवर दुसरं विमान होतं, टॉवरने वर जा म्हणून सांगितलं. लेसला ते ऐकूच आलं नाही. क्लाइव्हला आलं. पण विमान लेसच्या हातात होतं, आणि लेस लेस होता. क्लाइव्हला वाटलं, यांनी ऐकलं असेल, यांना माहीत असेल. अगदी शेवटी त्यानेच विमान वर घ्यायची दांडी ओढली. चाकं त्या दुसऱ्या विमानाच्या शेपटीवरून गेली. कुणाला ओरखडाही नाही.

अहवालात आलं — शिकाऊ अधिकाऱ्याने सांगायला उशीर केला. लेसने खाली सही केली. क्लाइव्हने त्याच आठवड्यात उडणं सोडलं. या टेबलाशी तो चार रविवार जेवला होता. भोपळा आवडायचा नाही त्याला, बटाट्याखाली लपवायचा.

लेसनेही वर्षभरात टेबलावरचं काम मागून घेतलं. कारण विचारलं तर म्हणे, कंटाळा आला. माझ्याशी तो त्यावर एकदाच बोलला, आजारपणात. ‘‘मी एकाचे पंख घेतले, बर्नी.’’ मी उशी सारखी केली.

मला माहीत होतं. सही करताना मी चहा घेऊन बाजूला उभी होते.

कॉन्व्हेंटमधली सिस्टर अलॉयशस शुक्रवारी कन्फेशनच्या रांगेत आम्हाला म्हणायची, काय केलंत ते तुम्हाला आठवेलच. करायचं काय राहिलं ते आठवा. दहा वर्षांच्या मुली आम्ही. काय आठवणार होतो! मी सांगायचे, फुलदाणीत पाणी घालायचं राहिलं.

११ सप्टेंबर

चौथी सूचना लेसने त्या मंगळवारच्या आधी लिहिली होती. नंतर त्याने ती खोडली नाही. पण आठवून बघते — नंतर तो ती वाचायचाही नाही. तिसरीवरून पाचवीवर जायचा. तो गेल्यावर मी पुन्हा वाचायला लागले. लोक हसतात म्हणून.

किती जणांना वाचून दाखवली असेल!

१५ सप्टेंबर, रविवार

सांगितलं तिला. सगळं — लेसचा कान, माझा पाय टेबलाखाली, क्लाइव्ह. ती समोर ताट घेऊन बसलेली, काटा हातात तसाच.

मग म्हटलं, बुधवारपर्यंत तू दवाखान्यात जाऊन पायाचं सांग. नाही तर गुरुवारी मी तळावर फोन करणार.

पांढरी पडली. मग हळू म्हणाली, ‘‘माझं काय जाणार आहे ते माहीत आहे ना तुम्हाला?’’

माहीत आहे म्हटलं.

‘‘सात वर्षांची असल्यापासून मला दुसरं काही नकोय. आणि तुम्हीच सांगितलं होतं. माझ्या खोलीत कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलंय ते. तुमच्या टेबलाशी बसून लिहिलेलं.’’

म्हटलं, ते चुकलं माझं.

‘‘तुमचं चुकलं आणि फेडायचं मी.’’

उठली. ताट उचलून सिंकमध्ये ठेवलं, नळ सोडून धुतलंही. तेवढ्या रागात! मग टोपी घातली, आरशात सरळ केली आणि गेली. वड्यांचा डबा टेबलावर राहिला. फाटकापर्यंत लंगडत गेली, मुद्दाम, लपवलं नाही.

१६ सप्टेंबर, सोमवार

फोन नाही.

१७ सप्टेंबर, मंगळवार

दुपारी कसरतीची सहा विमानं सरावाला होती. दोन डावीकडच्या टोकाची मला दिसली नाहीत. चारच मोजली.

१८ सप्टेंबर, बुधवार

फोनजवळ बसून विणलं. तीन ओळी उसवल्या.

१९ सप्टेंबर, गुरुवार

नऊ वाजता केला. आधी एका कागदावर लिहून काढलं, मग तेही वाचता येईना. तुकडीच्या प्रमुख बाईंनी घेतला. मी सुरुवात केली — मी कार्मडी, गावातून बोलतेय, लिआना मुसुमेचीबद्दल एक सांगायचं होतं...

त्यांनी अडवलं. म्हणाल्या, मिसेस कार्मडी, ती सोमवारी सकाळी सातला स्वतः आली दवाखान्यात. नडगीचं हाड दोन जागी तडकलंय. तुकडीतून काढलीय. सहा आठवडे चालणं बंद, मग वैद्यकीय मंडळ ठरवेल उडू द्यायचं की नाही. मग जरा थांबून म्हणाल्या, ‘‘कुणी सांगितलं म्हणून आलीस विचारलं तर म्हणाली, कुणी नाही, मीच.’’

सोमवारी. मी दिलेली मुदत बुधवारची. तिने एक रात्र घेतली फक्त.

उर्सुलाचा फोन संध्याकाळी नेहमीप्रमाणे. कशी आहेस? म्हटलं, छान.

२२ सप्टेंबर, रविवार

एक वाजला. दोन वाजले. एकटीपुरता बटाटा उकडला.

२९ सप्टेंबर, रविवार

चर्चमध्ये फिलिसने गाठलं. तुझी लिआना पायामुळे मागे पडली म्हणे. दुसरी देऊ का यादीतली? एक नेव्हिगेटर आहे, खातो चांगला. म्हटलं, नको. फिलिसने माझ्याकडे रोखून बघितलं. ‘‘बर्नी, तुझा स्कर्ट उलटा आहे.’’ होता. शिवण बाहेर.

पत्र लिहायला घेतलं लिआनाला. ‘प्रिय लिआना’च्या पुढे गेलं नाही. काय लिहू — तू बरोबर केलंस? ते तिला माहीत आहे. माफ कर? म्हणजे पुन्हा तिच्यावरच ओझं.

१३ ऑक्टोबर, रविवार

पाव, चीज. ताट घेतलंच नाही, कागदावरच खाल्लं.

बघितलं तर या वहीत ओळी उजवीकडे सरकत चालल्यात. पानाची डावी बाजू रिकामी, तीन बोटं. जुलैत एकच बोट होतं.

२४ ऑक्टोबर

उर्सुला नाताळला येते म्हणाली. आल्यावर कळेलच तिला. तोवर फर्निचर जरा सरकवून ठेवते. सगळं उजवीकडे आणलं की भागेल. मधल्या खोलीतलं कपाट हलवलं आज, दम लागला.

लेस उजव्या कानाने भागवायचा.

५ नोव्हेंबर, मंगळवार

कप डे, मोठ्या घोडदौडीचा दिवस. हॉलमध्ये घोड्यांच्या चिठ्ठ्या काढल्या. मला सोळा नंबर आला, तो शेवटून दुसरा. सगळ्यांनी टोप्या घातल्या होत्या. माझी लेसला आवडणारी निळी. घरी येताना गाडी अगदी सावकाश चालवली. मागच्याने भोंगा वाजवला. डाव्या वळणावर डोळे मिटून जावं तसं गेले. कोण होतं तिथे, कुणी होतं का, मला ठाऊक नाही.

७ नोव्हेंबर, गुरुवार

तिच्या तुकडीची पदवीची परेड आज. अकरा वाजता विमानं घरावरून गेली, खिडक्या थरथरल्या. सत्तावीस जणांसाठी. मी अंगणात उभी राहिले, चप्पल न घालताच.

१० नोव्हेंबर, रविवार

एकला सहा मिनिटं कमी. फाटकाशी लिआना! मी पडद्याआड. हात ओले.

एकला बेल.

पायात कॅनव्हासच्या जोड्या. हातात काठी. बारीक झालीय. म्हणाली, ‘‘माझा डबा राहिला होता.’’ दोन महिन्यांपूर्वीचा! मी म्हटलं, वड्या मी खाल्ल्या. ‘‘मग नव्या करा,’’ म्हणाली आणि आत येऊन पाणी ठेवलं.

ओव्हनमध्ये काहीच नव्हतं. अंडी होती. अंडी-टोस्ट खाल्लं दोघींनी. तिने सांगितलं, मी ऐकलं. डॉक्टर म्हणाले, आणखी दहा दिवस मार्च केलं असतंस तर हाड आरपार मोडलं असतं. आत सळई घालावी लागली असती, आणि सळईवाल्या पायाला लढाऊ विमानाची सीट नाही, कधीच नाही. शुक्रवारी मंडळ झालं. पास केलंय. जानेवारीच्या तुकडीत घेणार. पण पहिल्या आठवड्यापासून — चादरीच्या कोपऱ्यापासून पुन्हा.

गुरुवारची परेड तिने खुर्चीत बसून बघितली, दवाखान्यातल्या दोघांबरोबर. ऑजर्स रांग मोडून आला म्हणे, सगळ्यांसमोर, आणि तिला सॅल्यूट केला. तो आता अधिकारी, ती अजून नाही, उलटा सॅल्यूट. त्याला ओरडा बसला.

म्हटलं, माझ्यावर रागावली होतीस. म्हणाली, ‘‘अजून आहे. पण इथल्यासारखं तिकडे कुठे जेवायला मिळतं.’’

मग खिशातून तो कागद काढला, कपाटातला. कोपऱ्यांना टेपचे तुकडे. चौथी सूचना खोडलेली, आणि वर तिच्या अक्षरात: ‘पहिल्या दिवशी सांग. स्वतः जाऊन सांग.’ म्हणाली, वहीतही घाला. जानेवारीत नवीन येतील त्यांना.

मी तिथल्या तिथे वड्या करायला घेतल्या. ती टेबलाशी बसून लिंबं पिळत होती. झाल्यावर थाळी मांडली तिने, चहा ओतला, आणि माझ्याकडे बघत बसली. मी म्हटलं, वड्या कुठे ठेवल्यास गं?

तिने हात लांब करून थाळी माझ्या डावीकडून उचलली आणि उजवीकडे ठेवली.

आम्ही चहा प्यायलो. जाताना तिने फाटकाच्या डाव्या खांबावर हात फिरवला, मी रंग लावलेल्या जागी.

११ नोव्हेंबर, सोमवार

रेडिओवर अकराची, युद्धात गेलेल्यांसाठीची मिनिटभराची शांतता झाली, आणि ती संपल्याबरोबर उर्सुलाला फोन लावला. गुरुवार नव्हता म्हणून घाबरली. म्हटलं, बस आधी. मार्चपासूनचं सगळं सांगितलं, खांबाचंही, कप डेच्या वळणाचंही. गाडीच्या किल्ल्या फिलिस घेऊन गेली. डॉक्टर बुधवारी. हे घर आता बहुधा राहायचं नाही. वहीत नवी चौथी सूचना लिहिली, लेसच्या अक्षराखाली माझ्या अक्षरात. पानाच्या अर्ध्यातून सुरू झाली बहुतेक. मला दिसत नाही. लिआनाला विचारेन.